कॅल्याख : ननची चेटकीण कशी झाली?

क्लिफ्स ऑफ मोहर बघायला तुम्ही गेला असाल, किंवा घरून पाहुणे आले की जाणार असाल. या कड्यांच्या दक्षिण टोकाला 'हॅग्ज हेड' नावाचा सुळका आहे. 'हॅग' म्हणजे थेरडी, चेटकीण. गोष्ट अशी सांगतात की माल नावाची एक चेटकीण कू खुलिन या वीराच्या प्रेमात पडली आणि त्याचा पाठलाग करत निघाली. शेवटी तिची उडी चुकली, ती कड्यावर आपटली, आणि तिचं डोकं तिथे दगड होऊन राहिलं. या जागेचं आयरिश नाव 'क्यान कॅली'. 'क्यान' म्हणजे डोकं, आणि 'कॅली' हे 'कॅल्याख' या शब्दाचं षष्ठीचं रूप.

या लेखाचा विषय हा एकच शब्द आहे. आजच्या आयरिशमध्ये कॅल्याख म्हणजे म्हातारी, थेरडी, चेटकीण. पण साधारण बाराशे वर्षांपूर्वीच्या आयरिशमध्ये कॅल्याख म्हणजे नन. मठात राहणारी, व्रत घेतलेली, समाजात मान असलेली बाई. तिथून इथपर्यंत हा शब्द कसा आला? बोलताना असे शब्द दोन वाक्यांत उरकावे लागतात. इथे जरा निवांत बघू, कारण यात भाषेच्या गमतीपेक्षा मोठं काहीतरी आहे. एका शब्दाचा अर्थ सरकला, आणि त्यामुळे खऱ्याखुऱ्या बायकांची नावं खराब झाली.

शब्दाच्या पोटात काय आहे

कॅल्याख शब्दाची फोड सोपी आहे. 'कॅल्ये' म्हणजे डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, आणि शेवटचा 'आख' हा आपल्या 'वाला-वाली'सारखा प्रत्यय. म्हणजे वस्त्रवाली, डोकं झाकलेली. जुन्या मराठीत सांगायचं तर 'पदरकरीण'.

पण हा 'कॅल्ये' शब्द मुळात आयरिश नाहीच. तो लॅटिन 'पॅलियम'वरून आला. पॅलियम म्हणजे अंगावर किंवा डोक्यावर घ्यायचं वस्त्र. आता तुम्ही म्हणाल, 'प'चा 'क' कसा झाला? कारण ज्या काळात हा शब्द आयर्लंडमध्ये पोचला, त्या काळात आयरिश भाषेत 'प' हा उच्चारच नव्हता. लोकांनी त्याला जवळ वाटणारा 'क' लावला. आपण नाही का 'प्लॅटून'ची 'पलटण' केली आणि 'लॉर्ड'चा 'लाट'? तसंच. लॅटिनमधला ईस्टर, म्हणजे 'पास्का', आयरिशमध्ये 'काश्क' झाला. 'पुर्पुरा' म्हणजे जांभळा रंग, त्याचं 'कोर्कुर' झालं. 'प्लांता' म्हणजे रोपटं, त्याचं 'क्लान' झालं आणि अर्थ झाला लेकरंबाळं, वंश. इंग्रजीतला 'क्लॅन' हा शब्द याच वाटेने आला आहे. खुद्द सेंट पॅट्रिकच्या नावाचंसुद्धा एक जुनं 'क'ने सुरू होणारं रूप होतं, 'कोथ्रिगे'.

पुढे आयरिश लोकांच्या तोंडात 'प' रुळला, आणि नंतर आलेल्या लॅटिन शब्दांत तो तसाच राहिला. आजच्या 'पाड्रिग' नावात तो दिसतोच. म्हणून ज्या लॅटिन शब्दाच्या सुरुवातीला 'प'चा 'क' झालेला दिसतो, तो सगळ्यात जुन्या खेपेत आलेला, असं भाषेचे अभ्यासक धरतात. कॅल्ये त्या खेपेतला आहे. ख्रिस्ती धर्म आयर्लंडमध्ये पाय रोवत होता तेव्हाच, म्हणजे ५व्या शतकाच्या आसपास, डोक्यावर वस्त्र घेतलेल्या बायकांसाठी इथल्या लोकांना नवा शब्द लागला.

वस्त्र कोण घ्यायचं

याला पुरावा आहे. पॅट्रिकने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेलं एक आत्मनिवेदन आपल्यापर्यंत आलं आहे. 'कन्फेसिओ' असं त्याचं नाव. त्यात तो सांगतो की आयरिश राजांच्या मुली आता ख्रिस्ताच्या व्रतस्थ कुमारिका होत आहेत. बाप खूश नसतात, घरचे छळतात, तरी मुली ऐकत नाहीत आणि त्यांची संख्या वाढतेच आहे. त्यांच्याबरोबर विधवा आहेत, आणि दासीही आहेत. सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते दासींना, हेही तो नोंदवतो. पॅट्रिक स्वतः तरुणपणी आयर्लंडमध्ये गुलाम होता, त्यामुळे हे त्याच्या नजरेतून सुटलं नसावं.

त्या काळच्या आयरिश समाजात मुलीचं लग्न म्हणजे दोन कुळांमधला व्यवहार. गुरंढोरं, जमीन, सलोखा असं सगळं त्यात गुंतलेलं. अशा ठिकाणी डोक्यावर वस्त्र घेणं म्हणजे 'मी या व्यवहारात नाही' असं जाहीर सांगणं होतं. म्हणून बापांना राग यायचा.

सेंट ब्रिजिडची कथा याच धाटणीची आहे. आयर्लंडमध्ये राहत असाल तर २०२३ पासून तिच्या नावाने तुम्हाला फेब्रुवारीत एक सार्वजनिक सुट्टी मिळते. ७व्या शतकात कोगितोसस नावाच्या लेखकाने तिचं चरित्र लिहिलं. त्यात घरचे तिचं लग्न ठरवू पाहतात, ती मॅक कॅल्ये नावाच्या बिशपकडे जाते, आणि तो तिच्या डोक्यावर पांढरं वस्त्र घालतो. त्या वस्त्राला कोगितोससने वापरलेला लॅटिन शब्द 'पॅलियम'च आहे. शिवाय त्या बिशपच्या नावाचा अर्थ 'वस्त्राचा पुत्र' असाही लावता येतो. पुढे ब्रिजिडचा मठ किल्डेरला उभा राहिला. 'किल दारा' म्हणजे ओक वृक्षाचं चर्च. कोगितोससच्या वर्णनातल्या त्या चर्चमध्ये एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका, मध्ये भिंत, आणि मठाची प्रमुख बाई. त्या भिंतीच्या एका बाजूच्या सगळ्या कॅल्याख.

नन ते म्हातारी

मग हा शब्द म्हातारीकडे कसा वळला? पहिली पायरी साधी आहे. वस्त्र घेणाऱ्या सगळ्याच काही तरुण मुली नव्हत्या. नवरा गेला, मुलं मोठी झाली, घरात सुनेचं राज्य आलं, की अनेक बायका उतारवयात मठाचा आसरा घ्यायच्या. देवाचं नाव, दोन वेळचं अन्न, आजूबाजूला सोबत. आपल्याकडे काशीला किंवा पंढरपूरला जाऊन राहिलेल्या विधवा आठवा. मठाच्या दारात दिसणाऱ्या बायकांमध्ये पिकल्या केसांच्या बऱ्याच असणार. हळूहळू 'डोक्यावर वस्त्र घेतलेली' आणि 'वय झालेली' हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदायला लागले.

१२व्या शतकातली एक बाई उदाहरण म्हणून घेऊ. तिचं नाव देर्वोरगिल. १९व्या शतकापासून तिला 'आयर्लंडची हेलन' म्हणतात, कारण ११५२ मध्ये लेन्स्टरच्या राजाने तिला पळवून नेलं आणि पुढे इंग्रज आयर्लंडमध्ये आले त्याचं खापर कथाकारांनी तिच्यावर फोडलं. पण तिच्या नावावर आणखी एक नोंद आहे. क्लॉनमॅकनॉइजला, शॅनन नदीकाठच्या त्या प्रसिद्ध मठात, नन्ससाठीचं चर्च तिने ११६७ मध्ये पूर्ण करवलं. आयरिश बखरीत त्या चर्चला 'कॅल्याखांचं देऊळ' असंच म्हटलं आहे. त्याची कोरीव दगडी कमान आजही उभी आहे. देर्वोरगिल स्वतः म्हातारपणी, ११८६ मध्ये, मेलिफाँटच्या मठाच्या आश्रयाला गेली आणि ११९३ मध्ये तिथेच वारली. ११६७ च्या नोंदीत कॅल्याख म्हणजे स्वच्छ नन. कुठेही टिंगल नाही.

साहित्यात मात्र दोन्ही अर्थ त्याआधीच एकत्र आलेले दिसतात. सुमारे ९०० सालची एक आयरिश कविता आहे, बेरा द्वीपकल्पातल्या कॅल्याखच्या तोंडी घातलेली. एके काळी राजांबरोबर बसलेली बाई, आता हात काटकुळे झालेले, केस पिकलेले, डोक्यावर ननचं वस्त्र. समुद्राच्या ओहोटीकडे बघत ती आपल्या वयाबद्दल बोलते. कवितेची सगळी ताकद त्या एका शब्दात आहे. ती नन आहे म्हणून कॅल्याख, की म्हातारी आहे म्हणून? दोन्ही. त्या काळच्या ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येत. आज आपण इंग्रजी भाषांतरात 'हॅग' वाचतो आणि त्यातला निम्मा अर्थ हरवतो.

वेस्ट कॉर्कमध्ये, बेरा द्वीपकल्पावर, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या एका खडकाला आजही लोक 'हॅग ऑफ बेरा' म्हणतात. तिथे नाणी, शंख, दोरे वाहतात.

शॅनागोल्डनची 'काळी चेटकीण'

आता लिमरिक काउंटीत चला. शॅनागोल्डन गावाजवळ एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. हा १३व्या शतकातला ऑगस्टिनियन नन्सचा मठ, सेंट कॅथरीनच्या नावाचा. तिथल्या जागेचं इंग्रजी नकाशावरचं नाव वाचताना जीभ वळत नाही: 'मॉनॅस्टरनागॅलियाडफ'. पण तुकडे केले की सोपं होतं. 'मॉनॅस्टर' म्हणजे मठ. 'ना गॅल्याख' म्हणजे कॅल्याखांचा. 'डफ' म्हणजे 'डुव', काळा. काळ्या कॅल्याखांचा मठ.

इथे 'क'चा 'ग' का झाला? आयरिशमध्ये षष्ठीच्या अनेकवचनात शब्दाचं तोंडच बदलतं. आपण मराठीत 'घोडा'चं 'घोड्याला' करताना शेपूट बदलतो, ते डोकं बदलतात. इतकाच फरक.

आणि काळ्या का? कारण त्यांचा पोशाख काळा होता. म्हणजे गावाच्या नावाचा अर्थ सरळ आहे: काळ्या पोशाखातल्या नन्सचा मठ.

१५४० च्या सुमारास आठव्या हेन्रीच्या हुकमाने आयर्लंडमधले मठ बंद होत गेले. हाही झाला. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात गेली, नन्स पांगल्या, छप्पर गेलं. पुढची अडीचशे वर्षं आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्म उघडपणे पाळणंच कठीण होतं, आणि नन्स फार थोड्या उरल्या. एखाद्या खेडेगावात माणसाने जन्मात नन न बघणं अगदी शक्य होतं.

शब्द मात्र होता. म्हातारी हा अर्थ रोजच्या वापरात होता, कारण म्हाताऱ्या बायका सगळीकडे असतात. नन हा अर्थ वापरायला समोर कुणी नव्हतंच. मग आजोबा नातवाला पडका मठ दाखवून सांगणार, याचं नाव काळ्या कॅल्याखांचा मठ. नातू काय ऐकणार? काळ्या म्हाताऱ्यांचा. काळ्या चेटकिणींचा.

शॅनागोल्डनला आज जी दंतकथा सांगतात ती अशी: या मठाची शेवटची प्रमुख जादूटोणा करायची. चर्चच्या बाजूला असलेल्या एका लहानशा खोलीला 'काळ्या चेटकिणीची खोली' म्हणतात. तिथे बसून ती म्हणे आपले प्रयोग करायची.

माझं मत असं की ही बाई नावातून जन्मली. आधी नाव होतं, मग नावातल्या शब्दाचा अर्थ सरकला, मग लोकांनी त्या नव्या अर्थाला शोभेल अशी बाई रचली. अनेकवचनाचं एकवचन झालं, पोशाखाचा काळा रंग विद्येला चिकटला, आणि एका मठात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, प्रार्थना करणाऱ्या, शेती आणि कबुतरखाना सांभाळणाऱ्या बायकांच्या जागी एक चेटकीण उरली. तिथल्या खऱ्या बायकांना उत्तर द्यायची सोय नव्हती. त्यांचा मठ मोडला होता, आणि त्यांचा शब्द आता त्यांच्या मालकीचा नव्हता.

'प्राचीन देवी'चं काय?

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, पण कॅल्याख ही तर केल्टिक लोकांची हिवाळ्याची देवी ना? इंटरनेटवर तर तसंच आहे. मीथ काउंटीतल्या लॉक्रू टेकड्यांना 'श्लीव ना कॅली', म्हणजे कॅल्याखचा डोंगर, म्हणतात. तिथली दगडी थडगी पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि कॅल्याखने पदरातून दगड टाकत टाकत ती रचली अशी गोष्ट आहे. स्कॉटलंडमध्येही ती थंडी घेऊन येते.

या गोष्टींतली बाई जुनी असू शकते. डोंगर घडवणाऱ्या, हवामान बदलणाऱ्या म्हातारीची कल्पना ख्रिस्ती धर्माच्या आधीची असणं सहज शक्य आहे. पण तिचं हे नाव तेवढं जुनं असू शकत नाही. नावाच्या पोटात लॅटिन पॅलियम बसलेलं आहे, आणि ते चर्चबरोबर आलं. त्या आधी तिला काही वेगळं म्हणत असतील. म्हणून 'कॅल्याख हा प्राचीन केल्टिक शब्द, चर्चने तो दडपला' असं कुणी सांगितलं तर थांबा. झालं बरंचसं उलट आहे. चर्चमधला शब्द लोकांनी उचलला आणि आपल्या डोंगरांना, खडकांना, गोष्टींना दिला.

आजीची नन, महत्तरेची म्हातारी

कॅल्याखच्या शेजारी आणखी दोन शब्द ठेवले की चित्र पुरं होतं. पहिला शब्द 'नन' हाच. तो उशिराच्या लॅटिनमधल्या 'नॉना'वरून आला. नॉना हे वयस्क बाईला आदराने मारायच्या हाकेचं रूप, मुळात लहान मुलांच्या बोलीतलं. इटालियनमध्ये आजही 'नॉन्ना' म्हणजे आजी. मठातल्या ज्येष्ठ बायकांना आदराने 'आजी' म्हणता म्हणता तो शब्द सगळ्याच व्रतस्थ बायकांचा झाला. म्हणजे नॉना आजीकडून ननकडे गेली, आणि कॅल्याख ननकडून म्हातारीकडे आली.

दुसरा शब्द आपला, 'म्हातारी'. तो संस्कृत 'महत्तर'वरून आला, अर्थ 'अधिक मोठा', मानाने मोठा. त्याचं स्त्रीलिंगी रूप 'महत्तरा' हे जैन परंपरेत ज्येष्ठ साध्वींचं पद होतं. हरिभद्रसूरी या मोठ्या जैन आचार्यांनी स्वतःला 'याकिनीमहत्तरासूनु', म्हणजे याकिनी महत्तरेचा धर्मपुत्र, असं म्हणवून घेतलं, कारण त्या साध्वीमुळे ते धर्माकडे वळले. तो मानाचा शब्द झिजत झिजत मराठीत 'म्हातारी' झाला. मान गळाला, वय उरलं.

पण १३व्या शतकात तो पूर्ण गळाला नव्हता. मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा, म्हणजेच महदंबा, महानुभाव पंथातली. वैधव्य आलेली, संन्यस्त जीवन जगणारी बाई. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामी तिला 'म्हातारी' म्हणतात, आणि ते कौतुकाने. ही सतत काहीतरी विचारत असते, हिला जाणून घ्यायची ओढ आहे, असा त्यांचा सूर आहे. तिथे म्हातारी म्हणजे चिकित्सक, बुद्धिमान शिष्या. आज शाळेतल्या पोराने बाईंना म्हातारी म्हटलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

मग हे का होतं? माझ्या मते कारण असं: नवरा, मूल, घर यांच्या हिशोबाबाहेर राहणाऱ्या बाईला समाजाने आधी एक खास शब्द दिला. त्या बाईची जागा भक्कम होती तोवर शब्दाला वजन राहिलं. तिची जागा गेली, मठ मोडले, किंवा लोकांना तिची आठवण उरली नाही, की त्याच शब्दात भीती आणि थट्टा भरली. आपल्याकडे 'जोगीण' किंवा 'आलवणातली' हे शब्द गेल्या शंभर-दीडशे वर्षांत कोणकोणत्या सुरात उच्चारले गेले, ते आजी-पणजीला विचारून बघा. अर्थात एक फरक विसरू नका. ब्रिजिडने वस्त्र मागून घेतलं होतं. आपल्याकडच्या विधवेवर आलवण लादलं जायचं.

नन्स परत आल्या, तेव्हा

१८व्या शतकाच्या शेवटी कायदे सैल झाले आणि आयर्लंडमध्ये नन्स परत आल्या. कॉर्कमध्ये नॅनो नेगलने १७७५ मध्ये प्रेझेंटेशन संघ सुरू केला, डब्लिनमध्ये कॅथरीन मॅकॉलीने १८३१ मध्ये मर्सी संघ. १८०० साली साऱ्या देशात सुमारे १२० नन्स होत्या, १९०१ मध्ये आठ हजारांवर. त्यांच्यापैकी काही बोटीने भारतातही पोचल्या. १८४१ च्या अखेरीस लोरेटो नन्स कलकत्त्याला, १८४२ मध्ये प्रेझेंटेशन नन्स मद्रासला. आपल्या मराठीत 'कॉन्व्हेंट' म्हटलं की मठ डोळ्यापुढे येतच नाही, इंग्रजी शाळा येते, ती अशा वेगवेगळ्या देशांतून आलेल्या नन्समुळेच.

परत आलेल्या या बायकांना आयरिशमध्ये काय म्हणायचं? कॅल्याख म्हणून तर चालणार नव्हतं. आजचा रूढ शब्द आहे 'बॅन रियल्ता', नियमाने राहणारी बाई. स्वच्छ, थोडा सरकारी वाटणारा शब्द. जुना शब्द कायमचा चेटकिणीकडे राहिला.

आता गोष्ट इथे संपवली असती तर ती सोयीची झाली असती: बिचाऱ्या नन्स, उगाच बदनाम झाल्या. पण आयर्लंडमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे अर्धंच वाटेल, आणि ते बरोबर आहे. २०व्या शतकात याच देशात नन्सच्या संघांनी मॅग्डलीन लाँड्री चालवल्या. लग्नाशिवाय आई झालेल्या, अनाथ, गरीब, किंवा कुणाला नकोशा झालेल्या मुली आणि बायका तिथे बंद दाराआड बिनपगारी कपडे धूत राहिल्या. २०१३ च्या सरकारी अहवालानुसार १९२२ नंतर सुमारे दहा हजार बायका या लाँड्र्यांमधून गेल्या, आणि त्यातल्या चौथा हिस्सा बायकांना पाठवण्यात सरकारचा हात होता. शेवटची लाँड्री डब्लिनच्या शॉन मॅकडरमट स्ट्रीटवर, १९९६ मध्ये बंद झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत या बायकांची माफी मागितली.

म्हणून आज डब्लिनच्या पबमध्ये 'नन' हा शब्द निघाला तर सूर बदलतो. शब्द पुन्हा काळवंडला आहे. पण शॅनागोल्डनच्या काळ्या चेटकिणीत आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चेटकिणीच्या बाबतीत कुणी साक्ष दिली नाही, कुणी नाव सांगितलं नाही. आरोप शब्दातूनच उगवला. लाँड्रीच्या बाबतीत जिवंत बायकांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने सांगितलं, कागद सापडले, हिशोबाच्या वह्या सापडल्या. दोन्हीकडे काळा रंग आणि दोन्हीकडे नन म्हणून या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या, तर दोघींवर अन्याय होतो. मठातल्या त्या जुन्या बायकांवर, आणि लाँड्रीतल्या बायकांवरही, कारण त्यांचं सांगणं ही मग आणखी एक दंतकथा होऊन बसते.

नकाशा वाचताना

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. आयर्लंडमध्ये फिरताना हा शब्द तुम्हाला भेटत राहील, बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगच्या वेषात. तेव्हा आधी वचन बघा. 'कॅली' असं एकवचन असेल, जसं हॅग्ज हेड किंवा लॉक्रूचा डोंगर, तर तिथे बहुधा म्हातारीची गोष्ट आहे. पण नावात 'नागॅलिया' किंवा 'कॅलियाज' असं अनेकवचन दिसलं, तर चेटकीण शोधू नका. तिथे बहुधा कधीतरी नन्स राहत होत्या, किंवा ती जमीन त्यांची होती. डेरी शहरातल्या गॅलिया या वस्तीचं आयरिश नाव 'बाले ना गॅल्याख', म्हणजे नन्सची वाडी. मीथ काउंटीतल्या कॅलियाजटाउनचं आयरिश नावही तेच.

या वाड्यांवर आता नन्स नाहीत. बऱ्याच ठिकाणी मठाचा दगडही उरलेला नाही. बापाचं न ऐकता, किंवा नवरा गेल्यावर, किंवा दासीपण मागे टाकून कधीतरी तिथे काही बायका एकत्र राहायला आल्या होत्या, एवढं त्या पाटीवरून कळतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पाटी लिहिणाऱ्यालाही कदाचित अर्थ माहीत नसेल. तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा गाडीत बरोबर कुणी असेल तर त्यांनाही सांगा.